अक्षरी रुपये तीनशे साठ फक्त

बँकेतल्या कारकुनाला संगीतातलं काय कळतं, असं तुम्ही विचारण्याआधी मीच सांगून टाकतो : काही नाही. तरीसुद्धा मी एका ऑर्केस्ट्रात चार वर्षं वाजवलं आहे. काय वाजवलं, हे मात्र कृपा करून लगेच विचारू नका. लोकांना गिटार, ड्रम, की-बोर्ड अशी भारदस्त उत्तरं ऐकायची सवय असते. मी खुळखुळा वाजवत होतो. ऑर्केस्ट्राच्या भाषेत त्याला 'साइड ऱ्हिदम' म्हणतात आणि लग्नाच्या बैठकीत मी तसंच सांगितलं होतं. सासऱ्यांना ते बँकेतलं एखादं खातं वाटलं आणि लग्न जमलं.

खुळखुळ्याशिवाय माझ्याकडे आणखी एक काम होतं, ते म्हणजे हिशेब. सहा जणांत बी.कॉम.ला असलेला मी एकटा. त्यामुळे ज्या दिवशी ऑर्केस्ट्रा निघाला त्याच दिवशी मी खजिनदार झालो. खुळखुळा नंतर मिळाला. खजिनदार स्टेजवर नुसताच उभा राहिला तर बरं दिसत नाही, म्हणून.

हे 1998 सालचं. आम्ही एकमेकांना वाद्यांच्या नावानं हाक मारायचो. "ए ढोलक, चहा सांग बे," "ऑक्टोपॅड आला नाही का अजून?" असं. ऑर्केस्ट्राचं नाव काय होतं ते सांगत नाही. ते इंग्रजी होतं आणि ते ठेवताना आम्हांला इंग्रजी येत नव्हतं. नाव इंग्रजी ठेवण्याचं कारण एक कॅसेट. ती आमच्या गिटारनं मुंबईच्या मावसभावाकडून उसनी आणली होती आणि ती अद्याप परत गेलेली नाही. कॅसेट होती 'रॉक मशीन' नावाच्या मंडळींची, 'द सेकंड कमिंग', 1990 सालची. सगळी गाणी इंग्रजी. आम्हांला त्यातलं 'यू' आणि 'बेबी'च्या पलीकडे फारसं काही उमगत नव्हतं. पण गिटार वाजवणाऱ्याचं नाव वाचलं आणि आमची छाती फुगली. महेश तिनईकर! म्हणजे आपल्यातलाच की हो माणूस. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर शोभावं असं आडनाव आणि वाजवतो काय, तर रॉक!

"तिनईकर वाजवू शकते, तं मी काहून नाही?" असं म्हणून आमच्या गिटारनं कॅसेटमधला एकेक तुकडा ऐकून ऐकून हातात बसवला. टेप अडकली की पेन्सिलीनं फिरवायची, पुन्हा ऐकायचं. पुढे पुढे त्या कॅसेटमध्ये गाण्यापेक्षा खरखर जास्त झाली. हा गडी खरखरसुद्धा हुबेहूब वाजवायचा.

गंमत अशी, की ज्यांचं बघून आम्ही दुकान उघडलं, त्यांनी वर्षभरापूर्वीच, 1997 साली, आपलं दुकान बंद केलं होतं. आम्हांला पत्ताच नाही. मुंबईची बातमी नागपूरला पोचायला तेव्हा वेळ लागे. नागपूरची मुंबईला अजूनही पोचत नाही.

आमचं दुकान बंद झालं 2001 साली, गणपती विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी. मोठमोठे बँड फुटतात त्यांची कारणंसुद्धा कशी मोठी असतात. कुणाचं कलेविषयी मतभेद, कुणाची बायको. आमचा ऑर्केस्ट्रा 360 रुपयांवरून फुटला.

झालं असं. एका मंडळाचा कार्यक्रम ठरला. मानधन ठरवायला गिटार गेला होता. त्यानं येऊन आकडा सांगितला, मी रजिस्टरात 'येणे : 1,950' असं लिहिलं. कार्यक्रम झाला, पैसे आणायला गिटारच गेला आणि त्यानं माझ्या हातावर 1,590 ठेवले. मी रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "बाकीचे 360?"

"बाकीचे कोणते? पंधराशे नव्वदच ठरले होते."

"रजिस्टरात एकोणीसशे पन्नास आहेत."

"मंग रजिस्टर चुकलं असन."

आता वाचकहो, मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. बी.कॉम.चा निकाल नुकताच लागला होता. त्या वयात बी.कॉम. झालेल्या माणसाला देव चुकला असं म्हटलेलं चालतं, रजिस्टर चुकलं म्हटलेलं चालत नाही. मी म्हणालो, "माझं रजिस्टर चुकत नसतं. खिसे तपासून बघ."

एवढंच म्हणालो. 'खिसे तपासून बघ.' तीन शब्द. गिटार उठला. बाहेर गेला. अर्ध्या तासानं परत आला आणि 360 रुपये टेबलावर आपटून निघून गेला. ते कुठून आणले ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ढोलक म्हणाला, "जाऊ दे, दोन दिवसांत येईन." ऑक्टोपॅड म्हणाला, "आठ दिवसांत येईन." तेवीस वर्षं झाली.

मधल्या काळात मी बँकेत लागलो. हुडकेश्वरला घर बांधलं. हुडकेश्वर म्हणजे नागपूरचं दक्षिणेकडचं टोक, मानेवाड्याच्या पुढचं. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा ग्रामपंचायत होती, समोर तूर डुलत होती आणि रात्री कोल्हे ओरडत. 2013 साली आम्ही महापालिकेत आलो. गावाचं शहर झालं. पाट्या बदलल्या, करपावतीचा रंग बदलला. कोल्हे गेले आणि डीजे आला. पण अजूनही पोळ्याच्या दिवशी जुनी माणसं बैलांना हात लावायला गल्लीच्या तोंडाशी उभी राहतातच. नवी चाल लागली तरी मूळ धून कुठेतरी खाली वाजत असते, असं आमचं हुडकेश्वर.

तर 2024 च्या गणपतीच्या आधी आमच्या कॉलनीच्या उत्सव समितीचे सचिव घरी आले. म्हणाले, "भाऊ, यंदा डीजे नाही. जुन्या मंडळींचा ऑर्केस्ट्रा ठेवू म्हणतो. तुम्ही वाजवत होते ना काहीतरी?"

सौ. चहा घेऊन येत होती. ती थबकली. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण साइड ऱ्हिदम म्हणजे खुळखुळा हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

मी 'बघू' म्हणालो. बँकेत 'बघू' म्हणजे 'नाही'. पण सचिव सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे 'बघू' म्हणजे 'मंजूर'. दुसऱ्या दिवशी फलक लागला : 'तेवीस वर्षांनंतर पुनरागमन!' मेलो.

आता पुनरागमन ही काय चीज आहे, याचा मी थोडा अभ्यास केला. कारकून माणूस, परिपत्रक वाचल्याशिवाय काम करत नाही. आधी अर्थातच आमच्या गुरुजींचं प्रकरण काढलं. रॉक मशीन 1984 साली मुंबईत निघालं. त्या काळी आपल्याकडे इंग्रजी गाणारी मंडळी बहुतेक परदेशी गाण्यांच्या नकला करत, कारण श्रोत्यांना तेच हवं असे. यांनी हळूहळू स्वतःची गाणी वाजवायला घेतली. 1988 साली 'रॉक अँड रोल रेनेगेड', 1990 साली आमची ती उसनी कॅसेट. लांब केस, झगमगीत की-बोर्ड, उंच पट्टीतलं गाणं, सगळं ऐंशीच्या दशकातल्या रिवाजाप्रमाणे. मग 1993 साली यांना वाटलं, की आपली चाल बदलते आहे, जुनं नाव अंगाला होत नाही. त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. इंडस म्हणजे सिंधू, क्रीड म्हणजे पंथ. नाव बदललं, वाजवण्यात इथल्या मातीचा वास आला, 1995 साली त्याच नावाचा अल्बम निघाला आणि दोन वर्षांत मंडळी पांगली. गायक उदय बेनेगल पुढे न्यूयॉर्कला गेला.

आणि मग 2010 साली ही मंडळी पुन्हा एकत्र आली. बेनेगल गायला, तिनईकर गिटारला, झुबिन बालापोरिया की-बोर्डला. जुने हे तीन. बेस गिटारला रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सला जय रो कवी, हे दोघे पुढच्या पिढीतले. 2012 साली अल्बम काढला, 'इव्हॉल्व्ह'. म्हणजे उत्क्रांत व्हा. आवाजाचं अखेरचं मिश्रण टिम पामर नावाच्या इंग्रज गृहस्थाकडून करून घेतलं. 'पर्ल जॅम'च्या 'टेन' या गाजलेल्या अल्बमचं काम त्यानं केलेलं होतं.

यात आमच्या कामाची गोष्ट अशी, की त्यांनी जुनी गाणी पुन्हा रंगवून विकायला काढली नाहीत. नवीन लिहिली. झगमगाट उतरवला, गिटार जड केली, गाणी लांब आणि गंभीर झाली. 'जुनं ते वाजवा' म्हणणाऱ्या चाहत्यांची निराशा होणार हे त्यांना कळत नसेल का? पण तेरा वर्षांनी परत येणाऱ्या माणसाची अडचणच अशी असते. जुन्या गिऱ्हाइकाला तो होता तस्सा हवा असतो, आणि नव्या गिऱ्हाइकाला तो कोण हेच ठाऊक नसतं. दोन काउंटरवर दोन रांगा, आणि आत कारकून एकच.

बाहेरच्या जगात तऱ्हा अनेक. स्वीडनच्या 'आबा' मंडळींनी 1981 नंतर 2021 साली, चाळीस वर्षांनी, 'व्हॉएज' काढला. त्यांनी आवाज फारसा बदललाच नाही. जुनीच चव, जुनीच तर्री. बदललं काय, तर स्वतः स्टेजवर जायचं बंद केलं. 2022 पासून लंडनला त्यांच्या तरुणपणीच्या संगणकी प्रतिमा नाचू लागल्या. म्हणजे गाणं जुनं, शरीर नवं. 'रोलिंग स्टोन्स'नी उलटं केलं. 2023 साली मिक जॅगर ऐंशी वर्षांचा झाला आणि त्याच वर्षी त्यांनी 'हॅकनी डायमंड्स' काढला. निर्माता घेतला 1990 साली जन्मलेला अँड्र्यू वॉट. म्हणजे शरीर जुनं, कान नवा. आणि 'बीटल्स'नी तर त्याच साली जॉन लेननच्या घरगुती कॅसेटमधला आवाज यंत्राकरवी पियानोच्या गदारोळातून वेगळा काढून शेवटचं गाणं पुरं केलं. लेनन 1980 सालीच गेलेला. कॅसेटची खरखर काढायचं हे तंत्र वीस वर्षांपूर्वी असतं, तर आमचा गिटार उगीच खरखर वाजवायला शिकला नसता.

या सगळ्याचा ताळमेळ मी माझ्या भाषेत असा लावला. मुदत ठेव पिकली की तिचं नूतनीकरण होतं. मुद्दल तेच राहतं, पण दर मिळतो तो त्या दिवशीचा. "मी 1998 साली ठेव ठेवली, मला तेव्हाचाच दर द्या," असं म्हणत आमच्या काउंटरवर रोज एक तरी आजोबा येतात. त्यांना समजावता समजावता माझी वीस वर्षं गेली. 'इव्हॉल्व्ह' ऐकताना मला प्रथम ते नीट समजलं. मुद्दल ओळखू येत होतं. दर आजचा होता.

हो, ऐकला होता मी तो अल्बम. 2012 सालीच. सकाळी कानात घालून बँकेत निघालो होतो आणि मानेवाडा चौकात सिग्नलला तिनईकरांची गिटार सुरू झाली. पहिला विचार मनात आला तो हा, की त्याला फोन करावा. "ऐकलं का बे? परत आले!" एवढंच म्हणायचं होतं. नंबर होता माझ्याकडे. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न वाजवला आणि मी फोन खिशात ठेवला. मध्ये 360 रुपये उभे होते.

असो. पुनरागमन जाहीर झाल्यावर मी माळ्यावरून जुनी ट्रंक काढली. गाण्यांची यादी रजिस्टराच्या मागल्या पानांवर होती. यादी मिळाली. आणि यादीच्या पानाला टाचणीनं लावलेली एक चिठ्ठी मिळाली. टाचणी गंजली होती. चिठ्ठी त्या मंडळाच्या अध्यक्षांच्या हातची. 'मानधन रु. 1,500 व टेम्पोभाडे रु. 90. एकूण अक्षरी रुपये एक हजार पाचशे नव्वद फक्त.'

मी ट्रंकेवर बसलो.

तुम्ही बँकेत काम करत नसाल तर सांगतो. संध्याकाळी हिशेब जुळला नाही, तर आम्ही फरकाला आधी नऊनं भागतो. पूर्ण भाग गेला, तर समजायचं की आकड्यांची अदलाबदल झाली आहे : 54 चे 45, 91 चे 19. नवख्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. 360 भागिले 9, बरोबर चाळीस. 1,590 चे मी 1,950 लिहिले होते. वीस वर्षांत मी लोकांचे शेकडो फरक असे पकडले असतील, मॅनेजरनं पाठ थोपटली असेल. पण या फरकाला नऊनं भागून बघावं, असं एकदाही मनात आलं नाही. कारण भागून तो बघतो, ज्याला आपलं चुकलं असेल अशी शंका असते.

आणखी एक नियम आहे. धनादेशावर आकडा एक आणि अक्षरं दुसरी असली, तर अक्षरं खरी धरायची. कायदाच आहे तसा. अक्षरं माझ्याच रजिस्टरला टाचलेली होती, तेवीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी बँकेतून परतताना मी त्याच्या दुकानाशी थांबलो. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. मी रोज त्यावरून जातो आणि रोज मान दुसरीकडे वळवतो. त्यामुळे समोरच्या मिठाईवाल्याशी माझी उगीच ओळख झाली आहे. मी आत गेलो. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. केस गेले होते, पण नजर तीच.

"काहून आला?"

तेवीस वर्षांनी पहिला शब्द. मी घरून चांगलं भाषण पाठ करून निघालो होतो. तोंडातून आलं, "पंख्याचा कंडेन्सर पाहिजे होता."

त्यानं कंडेन्सर काढून ठेवला. मी पैशांबरोबर ती चिठ्ठीही काउंटरवर सरकवली. त्यानं ती वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

"नऊनं भाग जातो," मी म्हणालो.

"कायले?"

"तीनशे साठला. माझे आकडे उलटे पडले होते. तुझं बरोबर होतं."

पंख्यांच्या खोक्यांआड कुठेतरी एक ट्यूब फडफडत होती. बराच वेळ तिचाच आवाज.

"तू बी.कॉम. ना बे?"

"हो."

"फस्ट क्लास?"

"सेकंड."

"मंग बरोबर आहे," तो म्हणाला आणि पोराला चहा सांगितला.

मी पाकीट पुढे केलं. त्यानं त्या दिवशी पदरचे भरलेले 360, सरसकट चार टक्के चक्रवाढ, तेवीस वर्षं : 887 रुपये 30 पैसे. त्यानं माझ्यासमोर दोनदा मोजले. मला बरं वाटलं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

"ते पैशे कुठून आणले होते तू, तेव्हा?" मी विचारलं.

"गिटारचा पिकअप इकला." तो सहज म्हणाला. "मंग वाजवणं पण सुटलंच."

चहा आला म्हणून बरं झालं. मला कुठेतरी बघायचं होतं. मी कपात बघितलं.

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "तिनईकरचं ते नवं ऐकलं होतं का बे तू? इव्हॉल्व्ह?"

"बारा साली."

"मी पण. तुले फोन लावणार होतो."

"मग?"

"तीनशे साठ रुपये," तो म्हणाला. आणि आम्ही दोघं इतके हसलो, की एल.ई.डी. बल्ब घ्यायला आलेल्या बाई न घेताच गेल्या.

आमच्या बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. 2014 पासून ही व्यवस्था आहे. लोकांना वाटतं, गेले पैसे. तसं नसतं. खातेदार आला, ओळख पटवली, की रक्कम परत मिळते. फक्त यावं लागतं. उंबऱ्याशी जे अडतं ते तिथेच.

मग तालमी सुरू झाल्या, आमच्या घरी, वरच्या खोलीत. पहिल्याच दिवशी कळलं, की प्रश्न परत येण्याचा नसून परत येऊन काय वाजवायचं हा आहे. गायक पूर्वी काळी दोनमध्ये गायचा. आता पांढरी एकच्या वर गेला की त्याला डॉक्टरांची आठवण येई. ढोलकला मांडी घालून बसता येत नव्हतं, त्याला स्टूल दिलं. ऑक्टोपॅड दोन गाण्यांच्या मध्ये रक्तदाबाची गोळी घेई. आम्ही 2001 सालची यादी 2001 सालासारखीच वाजवली. संपल्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवीस वर्षं जपून ठेवलेलं लग्नातलं सूट कपाटातून काढावं आणि बटण लागू नये, तसं झालं होतं.

की-बोर्डची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. ती बापाला न्यायला आली होती, दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "काका, रागावू नका. गाणी छान आहेत. पण तुम्ही सगळे सगळं एकदम वाजवता. कुणी थांबतच नाही."

तिनं दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणला. ताल धरायला कानात टिकटिक लावली. ढोलकला वाटलं, आपल्याला मीटर बसवलं. की-बोर्डचे ते झगमगीत सूर तिनं निम्मे काढून टाकले. बापाचा चेहरा पाहवत नव्हता. गिटारला म्हणाली, "काका, तुम्ही कमी वाजवा, पण जे वाजवाल ते मोठ्यानं." तो खूष. पिकअप नवा बसवला होता, माझ्या 887 मधून. आमचं एक स्वतःचं गाणं होतं, पावसावर, त्याची चाल तिनं अर्ध्या वेगावर आणली. आणि वाचकहो, ते गाणं प्रथमच पावसासारखं वाटलं. पूर्वी ते पाऊस आल्यावर पळणाऱ्या माणसांसारखं वाटायचं.

मग ती माझ्याकडे वळली. मी खुळखुळा मांडीवर घेऊन बसलो होतो. लॅपटॉपमध्ये खुळखुळे शंभर प्रकारचे आहेत, एक बटण दाबलं की वाजतात, कधी चुकत नाहीत. मी मनातून तयारी केली होती. पासबुक छापायचं यंत्र आलं तेव्हा अशीच केली होती. तिनं यंत्राचा लावून ऐकला, मग म्हणाली, "काका, तुमचा वाजवा बरं." मी वाजवला.

"तुम्ही प्रत्येक वेळी किंचित मागे पडता," ती म्हणाली.

"पडतो खरा," मी म्हटलं.

"तेच चांगलं वाटतं. यंत्राचा फार बरोबर आहे." आणि तिनं माझा खुळखुळा ध्वनिमुद्रित करून लॅपटॉपमध्ये घातला. सेचाळिसाव्या वर्षाच्या उंबऱ्यावर माझी एक चूक भांडवलात जमा झाली. गिटार कोपऱ्यातून म्हणाला, "याच्या चुकीवर आजपर्यंत कोणी एवढं खूष झालं नव्हतं."

कार्यक्रम झाला. फार गर्दी झाली असं लिहायला हात शिवशिवतो, पण रजिस्टर चुकवायचं नाही असं ठरवलं आहे. साठ खुर्च्या होत्या, चाळीस भरल्या. म्हातारी मंडळी जुन्या गाण्यांना डोलली आणि नव्या चालीला "हे काय?" म्हणाली. पोरं जुन्या गाण्यांना मोबाइल बघत बसली आणि पावसाच्या गाण्याला त्यांनी मोबाइल वर धरले. दोन्ही रांगा थोड्या थोड्या समाधानी, थोड्या थोड्या नाराज. पुनरागमन यापेक्षा जास्त जुळत नसावं. दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद केला, कारण नियम आहे आणि सचिव निवृत्त असले तरी सरकारी आहेत.

सौ.नं स्टेजवरचा माझा खुळखुळा डोळे भरून पाहिला. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "बाबांना सांगू नका."

सचिव मानधनाचं विचारायला आले. मी काही बोलणार तोच गिटार म्हणाला, "पंधराशे नव्वद. अन् अक्षरी लिहून द्या." सचिवांना काही समजलं नाही, पण त्यांनी लिहून दिलं. मी ते रजिस्टरात चिकटवलं, जुन्या चिठ्ठीच्या शेजारी.

खातं बंद करायला घेतलं, तर एक अडचण आली. पाकिटात मी 887 रुपये घातले होते, वरचे 30 पैसे दिलेच नव्हते. देणार कसे? पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 2011 साली चलनातून गेली. उरलं अर्ध्या रुपयाचं नाणं, त्यात 30 पैसे बसत नाहीत. मी गिटारला फोन केला. हल्ली मी कुठल्याही कारणानं करतो. म्हटलं, रुपया देऊन पूर्ण करतो.

"राहू दे बे," तो म्हणाला. "सगळाच हिशेब मिटला, तं उद्या फोन कायचा करशीन?"

म्हणून रजिस्टरात शेवटच्या ओळीला 'देणे : 30 पैसे' असं लिहून ठेवलं आहे. आकड्यात लिहिलं आणि अक्षरीही लिहिलं.